विरूपणाचे सौंदर्यमूल्य : ‘कल्चर व्हल्चर’

मूळ ध्वनीशी निष्ठा हा ध्वनिमुद्रणाचा आदर्श. त्यामुळे विरूपण हा दोष मानला गेला. इंग्लंडमधील थर्मिऑनिक कल्चर या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे ‘कल्चर व्हल्चर’ हे व्हॉल्व्हवर चालणारे उपकरण या भूमिकेलाच छेद देते. त्यात एक ट्रायोड व दोन पेंटोड पद्धती आहेत. बायस फिरविताच व्हॉल्व्हमधील विद्युतप्रवाह बदलतो व मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. किंचित भरदारपणापासून आवाज पूर्ण फाटण्यापर्यंत त्याचा पल्ला आहे. मात्र बटणांच्या जागा स्मृतीत साठविण्याची सोय नसल्याने तोच परिणाम पुन्हा साधणे कठीण जाते. ही मर्यादा खरीच. तथापि तिच्यामुळे अंतिम निर्णय कानाकडे राहतो. येथे दोष टाळला जात नाही, निवडला जातो.