मृत्युपत्राची अट आणि कृपेचे तत्त्व

जिम स्टोव्हॉल यांच्या ‘द अल्टिमेट गिफ्ट’ (२००१) या हलक्याफुलक्या ख्रिस्ती बोधकादंबरीत मृत रेड स्टीव्हन्स चित्रफितींद्वारे जेसन या ऐदी नातलगाला बारा महिन्यांत बारा ‘देणग्या’ स्वीकारण्याची अट घालतो. पहिली देणगी म्हणजे टेक्सासमध्ये कुंपण घालण्याची अंगमेहनत! मृताचा अधिकार आणि वारसाची फजिती यांच्या विसंगतीतून येथील विनोद घडतो.

परंतु अटीने बांधलेली देणगी ही देणगी उरते काय? वारसा नियमशास्त्राने नव्हे, तर अभिवचनाने मिळतो, असे पौल गलतीकरांस लिहितो. त्याच्या ‘दियाथेके’ या ग्रीक शब्दात करार आणि मृत्युपत्र हे दोन्ही अर्थ नांदतात. मराठी ‘नवा करार’ या संज्ञेत दुसरा अर्थ लोपला आहे. कादंबरीत नेमके उलट घडते : मृत्युपत्र उरते, अभिवचन लोपते. तिचे निवेदन कृपेची भाषा बोलते. कथानक मात्र पात्रतेचा हिशेब ठेवते.

अखेरीस जेसन धनाचा उपभोक्ता न होता परोपकारी न्यासाचा विश्वस्त होतो, ही या रचनेची जमेची बाजू. तथापि उधळ्या पुत्राच्या दाखल्यात वारसा उधळल्यानंतरही पित्याचे दार उघडे असते. येथे एक अट मोडली की सारे संपते. बोधाच्या आग्रहापायी कादंबरीने गमावले आहे ते हे दार.