नेम, वेग आणि पाठ्यपुस्तकातील माकड

भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत एक माकड वर्षानुवर्षे फांदीवर बसून आहे. शिकारी त्याच्यावर थेट नेम धरतो. गोळी सुटते त्याच क्षणी माकड फांदी सोडते. गोळी लागेल काय? उत्तर असे : लागेल; आणि माकड जमिनीवर पोचण्याआधी गोळी तेथवर गेली, तर तिचा वेग काहीही असला तरी लागेल. कारण तेवढ्याच वेळात गोळी व माकड सारखेच खाली येतात.

उदाहरण बरोबर आहे, सुंदरही आहे. पडणाऱ्या सर्व वस्तूंचे त्वरण सारखे असते, हे त्यातून लख्ख दिसते. माझी तक्रार ते काय झाकते याबद्दल आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळ्यात हे उदाहरण फळ्यावर सोडवून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अन् माकड फांदीवरच बसून राह्यलं तं?"

पुस्तकाने विचारायला हवा होता तो प्रश्न हाच. माकड बसून राहिले तर गोळी त्याच्या खालून जाईल; आणि किती खालून, हे वेगावरच ठरेल. लक्ष्यही पडत असल्यामुळे वेगाचा परिणाम उत्तरातून वजा होतो. विद्यार्थी मात्र 'नेमाला वेगाशी कर्तव्य नाही' एवढेच घेऊन घरी जातो.

प्रत्यक्षातले लक्ष्य बहुधा पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते स्थिर लक्ष्यावर. या प्रकारात .22 रायफल वापरतात. गोळीचा वेग सेकंदाला 330 मीटर धरू आणि हवेचा रोध तूर्त सोडून देऊ. 50 मीटर जायला तिला सुमारे 0.15 सेकंद लागतो. तेवढ्यात ती सुमारे 11.2 सेंमी खाली येते. म्हणून रायफलची नळी मुळात लक्ष्यावर रोखलेली नसतेच. ती किंचित वर उचललेली असते. नजरेची रेषा सरळ लक्ष्यावर आणि नळीची रेषा त्याच्या वर, हा कोन जुळवणे म्हणजेच साइट लावणे.

आता काडतूस बदलले आणि वेग 320 मीटर झाला. घट सुमारे 12 सेंमी होते, म्हणजे गोळी 7 मिमी खाली लागते. फरक क्षुल्लक वाटेल. पण या लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच 10.4 मिमी असतो. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, 10.9 गुणांची गोळी 7 मिमी सरकली की सुमारे 10.1 वर येते. उपाय : मागची साइट वर घ्यायची. ती आणि पुढची माशी यांत 80 सेंमी अंतर असेल, तर केवळ 0.11 मिमी! एन.सी.सी.त रायफल चालवलेल्या शिक्षकांना 'गोळी जिकडे हवी तिकडे मागची साइट' हा नियम आठवेल. त्यामागे ही साधी समरूप त्रिकोणांची भूमिती आहे.

येथे आणखी एक इशारा द्यायला हवा. 'हळू गोळी नेहमी खाली लागते' हेही पाठ करू नये. धक्क्याने शस्त्राचे तोंड वर उचलले जाते आणि त्याची सुरुवात गोळी नळीत असतानाच होते. हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून ती अधिक वर उचललेल्या तोंडातून बाहेर पडू शकते. पिस्तुलातून जवळच्या अंतरावर जड व हळू गोळी वर लागते, ती यामुळेच. पुस्तकातील नळी पूर्ण स्थिर असते. पण हे गृहीतक पुस्तक सांगत नाही.

हे पाहण्यासाठी बंदूक नको. पाण्याची बादली टेबलापासून मीटरभर उंच ठेवा. तिच्यातून रबरी नळी खाली घ्या, टोकाला बॉलपेनचा रिकामा पोकळ भाग बसवा आणि तो टेबलाच्या कडेला आडवा धरा. समोर एक मीटरवर भिंत असू द्या. गणिताने धार 25 सेंमी खाली लागावी; घर्षणामुळे थोडी अधिक खाली लागेल. तेथे खडूने खूण करा. आता बादली निम्म्या उंचीवर आणा. धारेची घट जवळजवळ दुप्पट होईल. खुणेवर पुन्हा धार लागेपर्यंत टोक वर उचला. विद्यार्थ्याने आत्ता साइट जुळवली!

माकडाला पुस्तकातून हाकलावे असे माझे म्हणणे नाही. त्या उदाहरणाखाली एकच उपप्रश्न वाढवावा : 'माकड बसून राहिले तर?' तो पुस्तकात येईपर्यंत शिक्षकांनी फळ्यावर लिहावा. सूत्र तेच राहील, पण ते कशासाठी आहे हे त्या दिवशी कळेल.