इंग्रजीतील 'चुका' आणि मराठीचे संस्कार : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असले, तरी 'डिस्कस अबाउट', 'कझिन ब्रदर' हे प्रयोग कायम आहेत. त्यांना केवळ निष्काळजीपणा मानणे योग्य नव्हे. मराठीत चर्चा एखाद्या विषयाबद्दल होते. म्हणून 'अबाउट' येते. मामेभाऊ-मामेबहीण हा भेद 'कझिन'मध्ये नाही. तो 'ब्रदर'ने भरून काढला जातो. पिट कॉर्डर यांनी १९६७ च्या निबंधात मांडल्याप्रमाणे, चूक ही शिकणाऱ्याच्या मनातील नियमांची साक्ष असते.

कर्जत व खालापूर तालुक्यांत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. येथील ठाकर व कातकरी समाजांतील अनेक मुलांना पुस्तकी मराठीच घरच्या बोलीहून वेगळी असते. इंग्रजी ही त्यांची वस्तुतः तिसरी भाषा होय. अशा विद्यार्थ्याच्या वाक्यावर वर्ग हसला, की तो बोलणेच थांबवतो. म्हणून अर्थाला बाध आणणारी चूक आणि केवळ कानाला खटकणारी चूक यांत शिक्षकाने भेद करावयास हवा. पहिली तत्काळ दुरुस्त करावी. दुसरी मराठी वाक्याशेजारी मांडून उलगडावी. भाषा सुधारण्यासाठी प्रथम विद्यार्थी बोलता राहिला पाहिजे.