पूर्वार्धाचें ऋण

चित्रपटगृहांतून बाहेर पडलेल्या चार माणसांचीं चार मतें व्हावींत, यांत नवल नाहीं. परंतु चौघांनीं जणूं चार निरनिराळे चित्रपट पाहिले असावेत अशा तऱ्हेनें बोलावें, असा प्रसंग विरळा. सन २०२५ च्या १४ ऑगस्टला 'वॉर २' हा गुप्तहेरांच्या साहसांचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, आणि पुढील पंधरवड्यांत आमच्या परभणींत मला हा अनुभव वारंवार आला.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर मी तो पाहण्यास मुळींच उत्सुक नव्हतों. इंग्रजी वाङ्मयावर वाढलेल्या आमच्यासारख्या प्राध्यापकांना अशा चित्रपटांविषयीं मत बनविण्यासाठीं ते पाहण्याची आवश्यकता वाटत नाहीं, हा आमचा जुना दोष आहे. पुतण्यानें तिकिटें काढून आणलीं आणि 'काका, न पाहतां नांवें ठेवायचीं नाहींत' असें बजावलें, म्हणून मी आणि आमची सौभाग्यवती त्याच्याबरोबर गेलों. पाहून नांवें ठेवण्याचा अधिकार आतां मला प्राप्त झाला आहे; परंतु तो हातीं येतांच नांवें ठेवण्याचा उत्साह ओसरला, आणि त्या जागीं एक प्रश्न उभा राहिला. इतक्या समंजस माणसांचें एकाच कृतीविषयीं इतकें टोकाचें दुमत कां व्हावें?

प्रथम कृतीचा परिचय करून देतों. 'वॉर' हा पहिला चित्रपट सिद्धार्थ आनंद यांनीं दिग्दर्शित केला. तो २ ऑक्टोबर २०१९ रोजीं लागला आणि त्या वर्षीं हिंदींत सर्वांत अधिक कमाई करणारा ठरला. दुसऱ्याचे दिग्दर्शक अयान मुखर्जी. यशराज फिल्म्स या संस्थेनें २०१२ च्या 'एक था टायगर'पासून हेरकथांची जी मालिका चालविली, तिच्यांतील हा सहावा चित्रपट. पहिल्या भागांतील कबीर हा हेर येथेंही आहे, आणि ती भूमिका पूर्वीप्रमाणेंच हृतिक रोशन यांची आहे. त्यांच्यासमोर विक्रम या भूमिकेंत तेलुगु चित्रसृष्टीचे लोकप्रिय नट ज्युनियर एन. टी. रामाराव उभे राहतात. हिंदी चित्रपटांत त्यांचें हें पहिलेंच पाऊल. 'काली' नांवाच्या दुष्ट मंडळाचा विश्वास संपादण्यासाठीं कबीरला आपल्या गुरूचा, कर्नल लुथ्राचा, प्राण स्वहस्तें घ्यावा लागतो. लुथ्राची कन्या काव्या आणि विक्रम त्याच्या मागावर निघतात. पुढें कळतें कीं विक्रम हा स्वतःच त्या मंडळाचा माणूस आहे, आणि तो कबीरचा बाळपणीं मागें राहिलेला मित्र आहे.

आतां मतें ऐका. पुतण्याच्या मतें इतका देखणा चित्रपट क्वचितच निघतो. जपानांतील आरंभींची तलवारबाजी, आगगाडीवरील झुंज, बर्फाच्या गुहेंतील शेवटचें द्वंद्व, एवढ्यांतच त्याचे पैसे वसूल झाले. अध्यापक-कक्षांतील एक सहकारी म्हणाले, 'अहो, संगणकानें काढलेलीं चित्रें तीं! माणूस विमानावर चढला, पण मला खुर्चींत वारा म्हणून लागला नाहीं.' दुसऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, दोघे एकत्र वाढतात आणि मोठेपणीं परस्परांसमोर शस्त्र धरून उभे राहतात, ही गोष्ट आपण १९७५ च्या 'दीवार'पासून पाहत आलों आहोंत. तिच्यासाठीं इतका खर्च कशाला? हैदराबादेस नोकरी करणारा माझा एक माजी विद्यार्थी सुटीवर आला होता. त्याची तक्रार अगदींच निराळी. रामारावांना चित्रपटानें पुरता न्याय दिला नाहीं, म्हणून तो खिन्न होता. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असलेल्या आमच्या जिल्ह्याचा तेलुगु मुलखाशीं येण्याजाण्याचा संबंध कधीं तुटला नाहीं. त्यामुळें ही तक्रार येथें कोणाला परकी वाटत नाहीं.

या मतभेदाचें पहिलें कारण 'उत्तरभाग' या प्रकारांतच आहे. उत्तरभाग काढणें ही कांहीं आजची युक्ति नव्हे. वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' हा बोलपट १९३५ सालीं गाजला, आणि १९४३ सालीं त्याच नादियाला घेऊन 'हंटरवाली की बेटी' निघाला. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पुस्तकामागून पुस्तकांत वाचकांस भेटत राहिला, आणि वाचकही त्याची वाट पाहत राहिले. उत्तरभाग म्हणजे पूर्वार्धाच्या पुण्याईवर काढलेलें कर्ज. प्रेक्षक तिकीट काढतो तें नव्या कथेच्या भरंवशावर नव्हे, तर जुन्या कथेनें दिलेल्या आनंदाच्या आठवणीवर. आतां तो आनंद प्रत्येकाचा निराळा असतो. ज्याला पूर्वार्धानें नेत्रसुख दिलें तो तेंच मागतो. ज्याला उत्कंठा दिली तो उत्कंठा मागतो. पुतण्याची फेड झाली आणि माझ्या सहकाऱ्यांची राहिली. दोघेही आपापल्या हिशेबानें खरेंच बोलतात.

मग समीक्षकानें निवाडा कशाच्या आधारें करावा? माझ्या मतें हेरकथेच्या स्वभावाच्या आधारें. हेरकथेचा प्राण मारामारींत नसून संशयांत असतो. कौटिल्यानें तापस, व्यापारी, गृहस्थ, भिक्षुकी अशा नाना वेषांतील हेर सांगितले, आणि तीन हेरांची वार्ता परस्परांशीं जुळली तरच ती विश्वसनीय मानावी असा दंडक घालून दिला; म्हणजे राजानें स्वतःच्या हेरांविषयींही सावध राहावें! विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसां'त यमपट दाखवीत दारोदार फिरणारा मनुष्य चाणक्याचा हेर निघतो, आणि त्यानें आणलेली एक आंगठी साऱ्या राजकारणाचा ओघ फिरविते. रंगभूमीवर एकही लढाई न होतां प्रेक्षक श्वास रोधून बसतो.

'वॉर'च्या पूर्वार्धांत हा संशय भरपूर होता. देशद्रोही ठरलेल्या सैनिकाचा मुलगा खालिद विश्वासास पात्र होईल काय? उलटलेला कबीर खरोखरच फितूर आहे काय? आणि ज्याला आपण खालिद समजत आलों तो खालिद नव्हेच, हा शेवटचा उलगडा. शस्त्रक्रियेनें चेहरा बदलण्याची ती युक्ति वैद्यकास मान्य होणार नाहीं. परंतु तिनें प्रेक्षकाला मागें वळून सारी कथा पुन्हां तपासावयास लाविलें, हें तिचें यश होय.

उत्तरभागाची खरी अडचण येथें आहे. कबीर निष्ठावंत आहे आणि तो मरणार नाहीं, हें आपण आतां जाणतों. 'हा कोण?' हा प्रश्न संपला. 'यानें काय गमावलें?' एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. आणि तो पहिल्याहून लहान नव्हे. आश्चर्य असें कीं चित्रपटकर्त्यांना तो सांपडला होता! ज्यानें घडविलें त्याच गुरूचा वध शिष्याच्या हातून, तोही कर्तव्य म्हणून. शोकान्त नाटकाचें बीज याहून समर्थ तें कोणतें असावें?

चित्रपट पाहून घरीं परततांना सौभाग्यवती म्हणाली, 'अहो, ज्यानें गुरूला मारलें, त्याला पुढें रात्रीं झोप कशी लागली, एवढें एकदां तरी दाखवायला हवें होतें.' या चित्रपटाविषयीं मीं ऐकलेल्या सर्व अभिप्रायांत मला हा एक सर्वांत मोलाचा वाटतो. बीज पेरल्यावर चित्रपट तेथें थांबत नाहीं. तो पुढल्या देशाला आणि पुढल्या झुंजीला पळतो. काव्येचा पितृशोकही या धांवपळींत अंग चोरून उभा राहतो. मित्राच्या विश्वासघाताचा सल ज्या विक्रमाला इतकीं वर्षें जाळीत होता, तो शेवटीं कबीरच्या बाजूस येऊन मिळतो, आणि सल कोठें विरला तें कळत नाहीं.

असें कां झालें? येथें मतभेदाचें दुसरें कारण पुढें येतें, आणि तें नटांच्या लौकिकाचें आहे. न. चिं. केळकरांनीं १९२१ च्या बडोदें येथील साहित्य संमेलनांत 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली: रसिक स्वतःचें भान न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो आणि त्यांतून त्याला आनंद मिळतो. या चित्रपटांत प्रेक्षक एकरूप होतो तो कबीराशीं किंवा विक्रमाशीं नव्हे, तर हृतिकशीं किंवा रामारावांशीं. दोन्हीं बाजूंच्या चाहत्यांना सारखा वांटा मिळावा म्हणून कथा हातीं तराजू घेऊन बसते. एकाला दिमाखदार प्रवेश, तर दुसऱ्यालाही. एकाला घाव, तर दुसऱ्यालाही. ज्या वैरांत कोणालाच हरण्याची मुभा नाहीं, त्यांत उत्कंठा उरणार कशी? आणि इतकें तोलूनही माझ्या माजी विद्यार्थ्याला माप कमीच वाटलें! भूमिकेला दिलेला न्याय सर्वांना पुरतो. नटाला दिलेला न्याय कोणालाच पुरत नाहीं.

एक मत मीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. पहाटे मैदानावर पोलिसभरतीसाठीं धांवण्याचा सराव करणारा आमच्या महाविद्यालयाचा एक विद्यार्थी मला भेटला. त्यानें हा चित्रपट दोनदां पाहिला होता. 'सर, देश आधीं, बाकी सगळें नंतर, हें मला फार पटलें,' तो म्हणाला. माझ्या ओठांवर आलेलें हंसूं मीं आवरलें, आणि आवरलें हें बरें झालें. कारण त्याच्यासाठीं गणवेष हा नाटकांतला पोशाख नाहीं. कोरडवाहू शेतीच्या घरांतून आलेला हा मुलगा तो अंगावर चढविण्यासाठीं रोज अंधारांत उठतो, आणि तो मिळाल्यावर त्याला हुकूम पाळावे लागणार आहेत. देशासाठीं आपला प्राण द्यावा, हें तो जाणतो. देशासाठीं आपल्या गुरूचा प्राण घ्यावा काय, हा प्रश्न या चित्रपटानें त्याच्यापुढें टाकला आणि उत्तराची वेळ येतांच नजर फिरविली.

महाभारतकारांनीं ती फिरविली नाहीं. द्रोणवधासाठीं धर्मराजानें अर्धसत्य उच्चारलें. युद्ध थांबलें नाहीं, विजयही पांडवांचाच झाला. परंतु पृथ्वीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणीं भूमीला टेकला. तेवढ्या एका गोष्टींत सारी किंमत सांगून झाली. 'वॉर २'मध्यें रथ, घोडे, आगगाड्या, विमानें सारें कांहीं आहे. भूमीला टेकणारें मात्र कांहींच नाहीं. माझ्या सहकाऱ्यांना खुर्चींत वारा लागला नाहीं, त्याचा सगळा दोष संगणकाचा नव्हे.

म्हणून माझा अभिप्राय असा: हा चित्रपट टाकाऊ नाहीं, आणि जे त्याला टाकाऊ म्हणतात त्यांनीं त्याचा आरंभ पुन्हां एकदां लक्ष देऊन पाहावा. तो यशस्वीही नाहीं, आणि जे त्याला यशस्वी म्हणतात त्यांनीं त्याच आरंभाला स्मरून शेवट पाहावा. पुतण्याची फेड झाली, सहकाऱ्यांची राहिली. परंतु सर्वांत मोठें देणें त्या धांवणाऱ्या मुलाचें राहिलें आहे, कारण पडद्यावरील शपथ त्यानें एकट्यानेंच खरी मानली. आपापल्या मुलांना घेऊन गृहस्थांनीं असे चित्रपट अवश्य पाहावेत. आणि घरीं परततांना, कोणता नट वरचढ ठरला हें विचारण्याऐवजीं, सौभाग्यवतीनें विचारलेला प्रश्न त्यांना विचारावा. मुलें काय उत्तर देतात तें ऐकण्यासारखें असतें.