तळाशी न थांबणारं पाणी

गॉर्डन बीव्हर्स आणि डॅनियल जोसेफ या मिनेसोटा विद्यापीठातल्या दोघांचा १९६७ सालचा निबंध अवघ्या अकरा पानांचा आहे. 'जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स'मध्ये तो छापून आला. मोकळं वाहणारं पाणी सच्छिद्र तळाला टेकतं, तिथे त्याचा वेग किती असतो, एवढाच त्यांचा प्रश्न. मला तो निबंध एखाद्या घट्ट बांधणीच्या कथेसारखा वाटतो. त्यातला एकही परिच्छेद काढता येणार नाही.

घन भिंतीला चिकटलेला पाण्याचा थर स्थिर असतो, हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर. पण खडीचा तळ म्हणजे भिंत नव्हे. खडीच्या आतही पाणी सावकाश पाझरत असतं आणि त्या पाझराचा नियम हेन्री डार्सीने १८५६ साली, दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात मांडून ठेवला होता. अडचण येते ती मोकळं पाणी आणि खडी यांच्या सांध्यावर. वरच्या पाण्याचं गणित थराथरांतलं घर्षण मोजतं. डार्सीचा नियम मात्र असंख्य पोकळ्यांची सरासरी सांगतो आणि थरांचं घर्षण त्याच्या गावीही नसतं.

इथे लेखकांनी जे केलं ते फार देखणं आहे. त्यांनी सांध्यावरच्या पाण्याला घसरू दिलं. तिथून वर जाताना वेग ज्या दराने वाढतो तो दर, त्यांच्या मते, सांध्यावरचा वेग आणि आतल्या पाझराचा वेग यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. या फरकाला भागायचं ते पारगम्यतेच्या, म्हणजे पाणी आतून पाझरू देण्याच्या तळाच्या क्षमतेच्या, वर्गमुळाने. पारगम्यतेचं एकक क्षेत्रफळाचं, म्हणून तिचं वर्गमूळ ही एक लांबी. तळाच्या पोकळ्यांचा लहानमोठेपणा समीकरणात असा नकळत येऊन बसतो. उरतो एक आकडा, अल्फा. तो पाण्यावर नव्हे, तर तळाच्या पृष्ठभागाच्या घडणीवर ठरतो, असं ते उघड सांगतात. त्यांच्या प्रयोगांत हा अल्फा अॅलॉक्साइट या सच्छिद्र पदार्थासाठी ०.१ होता आणि धातूच्या फेसासारख्या एका सच्छिद्र ठोकळ्यासाठी ४ पर्यंत गेला. चाळीसपट फरक! तो झाकायचा मोह त्यांना झाला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

प्रयोगाचा निष्कर्ष साधा होता: दाबाचा उतार तोच ठेवला, तर सच्छिद्र तळावरून कठीण तळापेक्षा जास्त पाणी जातं. तळ पाण्याला कमी अडवतो.

पण त्यांचा प्रवाह शांत होता, एकावर एक सरकणाऱ्या थरांचा. खडीवरून धावणारी नदी तशी नसते, ती प्रक्षुब्ध असते. डेल्फ्टच्या ब्रॉयखेम, बूर्स्मा आणि आउटनबोखार्ड यांनी २००६ साली संगणकावर असा प्रवाह उभा केला, तेव्हा चित्र उलटं दिसलं. अतिसच्छिद्र तळावर घर्षण वाढलं. कठीण भिंत भोवऱ्यांना खाली शिरू देत नाही. सच्छिद्र तळ देतो. मग वरचं वेगवान पाणी आत घुसतं, आतलं मंद पाणी वर येतं आणि या देवघेवीत प्रवाहाचा जोर खर्ची पडतो. भिंतीलगत एरवी दिसणारे लांबट, मंद-वेगवान पट्टे तिथे विरतात आणि त्यांच्या जागी प्रवाहाला आडवे, मोठाले भोवरे येतात.

याच देवघेवीवर जीवही जगतात. सामन माशाची मादी नदीच्या खडीत खड्डा उकरून अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. आतल्या अंड्यांना प्राणवायू मिळतो तो खडीतून फिरणाऱ्या पाण्याकडून. गाळाने पोकळ्या बुजल्या की अंडी गुदमरतात.

मग १९६७ चा निबंध नद्यांसाठी निरुपयोगी ठरला का? मला तसं वाटत नाही. त्याने दिलेलं समीकरण शांत प्रवाहाचं आहे आणि तेवढ्यापुरतंच वापरलं पाहिजे. पण पाणी आणि तळ यांच्यामधल्या रेषेला स्वतःचा वेग असतो, हे मोजून दाखवण्याचं धाडस त्यात आहे. वरचा प्रवाह आणि खालचा पाझर यांचा एकत्र विचार करू पाहणाऱ्याला आजही याच रेषेवर येऊन थांबावं लागतं, आणि अल्फासारखा एखादा आकडा तळ हातात घेऊनच ठरवावा लागतो.