रिकाम्या रकान्यात फोटो कोणी निवडायचा?

विकिपीडियावरच्या सचित्र याद्या आपण वाचत नाही, चाळतो. नाव, गाव, फोटो. नाव, गाव, फोटो. अंगठा वर सरकत राहतो आणि ही यादी लिहिली कोणी, हा प्रश्न पडत नाही. पुष्कळदा ती बॉटने लिहिलेली असते. बॉट कोणत्या समजुतीवर बांधलाय, त्यावरून यादीत काय उरणार ते ठरतं. म्हणून दोन बॉट शेजारी ठेवून बघू.

पहिला लिस्टेरियाबॉट. माग्नुस मान्स्के या जर्मन प्रोग्रॅमरने केलेला. यादीच्या सुरुवातीला एक साचा ठेवायचा, शेवटी दुसरा. पहिल्यात विकिडेटासाठीची क्वेरी आणि हवे ते रकाने लिहायचे. बॉट ठरावीक काळाने येतो, क्वेरी चालवतो आणि दोन साच्यांमधला सगळा मजकूर नव्याने लिहितो. फोटोसुद्धा विकिडेटावरच्या नोंदीतूनच येतो.

इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडतं. माहिती एका जागी दुरुस्त केली की तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या भाषांतल्या याद्या सुधारतात. कोणत्या स्त्रियांवर अजून लेख नाहीत, हे शोधायला ‘विमेन इन रेड’ प्रकल्प याच बॉटच्या याद्या वापरतो. एवढं काम हाताने झालं नसतं.

पण त्या दोन साच्यांमध्ये कोणी ‘हा फोटो जीर्णोद्धाराआधीचा आहे’ अशी टीप लिहिली, तर पुढच्या फेरीत ती पुसली जाते. याला बग म्हणता येत नाही. रचनाच तशी आहे: जे विकिडेटात नाही, ते यादीत नाही.

दुसरा एर्फखूडबॉट. ‘एर्फखूड’ म्हणजे डच भाषेत वारसा. ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही छायाचित्र स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि २०१२ साली भारतात आली. तिच्या कामासाठी हा बॉट. इथे वास्तूंच्या याद्या माणसं करतात. प्रत्येक वास्तूला एक क्रमांक असतो आणि फोटो चढवणारा तोच क्रमांक फोटोला देतो. बॉट याद्या वाचतो, कोणत्या ओळीत फोटो नाही ते बघतो आणि त्या क्रमांकाचे फोटो एका वेगळ्या पानावर मांडून ठेवतो. यादीत कोणता लावायचा, ते माणूस ठरवतो.

हा फरक किरकोळ नाही. रायगडाच्या ओळीत एकच फोटो बसत असेल, तर समाधीचा लावायचा, बाजारपेठेचा की नगारखान्याचा? प्रत्येक उत्तरात रायगडाबद्दलचं एक मत आहे. पहिल्या पद्धतीत ते मत विकिडेटावर कुणीतरी कधीतरी नोंदवलेलं असतं आणि सगळीकडे तेच दिसतं. दुसरीत यादी सांभाळणाऱ्याला ते स्वतः ठरवावं लागतं.

दुसरी पद्धत संथ आहे, हे मान्य. सुचवलेले फोटो कोणी उघडलेच नाहीत, तर रकाना वर्षानुवर्षं रिकामा राहू शकतो. पण रिकामा रकानाही काही सांगत असतो. तिथे कोणी कॅमेरा घेऊन गेलंच नसेल. फोटो असेल, पण मुक्त परवान्याखाली नसेल. किंवा विकिमीडिया कॉमन्सवर असूनही नोंदीला जोडलेला नसेल. लिस्टेरियाच्या यादीत या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, आणि त्यातली कोणती खरी ते ओळीशेजारी लिहून ठेवायचीही सोय नाही.

संपादक थोडे असतील, तर पहिल्या बॉटचा मोह मोठा. एका दुपारी शंभर सचित्र याद्या उभ्या राहतात. माझं म्हणणं एवढंच, की नाव, जिल्हा, अक्षांश-रेखांश बॉटने खुशाल भरावेत. फोटो फक्त सुचवावा. आणि टिपेच्या रकान्याला हात लावू नये. प्रोग्रॅमिंगच्या दृष्टीने हे अवघड काम नाही. गावातल्या ज्या माणसाला मंदिराचा कळस कधी बदलला हे ठाऊक आहे, त्याला ते मराठीत लिहायला एवढी जागा पुरे.