पराभूतांचे अवकाश : ‘फायरफ्लाय’ या मालिकेच्या प्रथम दर्शनाच्या निमित्ताने

प्रास्ताविक :

दूरचित्रवाणी मालिकांचा विचार आपल्याकडे बहुधा लोकप्रियतेच्या अंगाने केला जातो. त्यामुळे अल्पायुषी ठरलेली मालिका समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. जॉस व्हेडन यांची ‘फायरफ्लाय’ ही अमेरिकन मालिका फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बंद पडली. चित्रित झालेल्या १४ भागांपैकी ११ भागच त्या वेळी प्रसारित झाले. प्रस्तुत लेखकाने ही मालिका अलीकडे प्रथमच आणि निर्मात्यांना अभिप्रेत असलेल्या क्रमाने पाहिली. भागांचा क्रम बदलल्याने आशय बदलतो काय, आणि पराभूतांची बाजू घेणारी ही कथा पराभवाचा इतिहास कितपत प्रामाणिकपणे हाताळते, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

मालिकेचे स्वरूप :

घोडेस्वार, बंदुका, रेल्वेवरील दरोडे आणि कायद्याचा हात न पोहोचलेली गावे ही ‘वेस्टर्न’ या चित्रपटप्रकाराची ओळख होय. ‘फायरफ्लाय’ने ही सामग्री इ. स. २५१७ मधील ग्रहमालेत नेली आहे. मध्यवर्ती ग्रहांवर ‘अलायन्स’ची संपन्न सत्ता आहे, कडेच्या ग्रहांवर धूळ, गुरे आणि दारिद्र्य आहे. स्वातंत्र्यवाद्यांच्या बाजूने लढून हरलेला माल्कम रेनॉल्ड्स ‘सेरेनिटी’ हे जुने यान घेऊन चोरटा माल वाहतो. त्याच्या यानावरील नऊ माणसांत त्याची युद्धातील सहकारी झोई आहे, एक धर्मोपदेशक आहे, तसेच बहिणीला सरकारी प्रयोगशाळेतून सोडवून पळालेला सायमन टॅम हा शल्यचिकित्सकही आहे.

भारतीय प्रेक्षकाला येथे एक भेद चटकन जाणवतो. केतन मेहता दिग्दर्शित ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका १९९८ मध्ये दूरदर्शनवर आली. मिलिंद सोमण यांनी साकारलेला तिचा नायक तुरुंगातून निसटलेल्या गुन्हेगारांना पकडतो. तो व्यवस्थेचा शिपाई आहे. ‘फायरफ्लाय’चा नायक मात्र स्वतःच फरारी आहे. आपल्या अवकाशाने व्यवस्थेचे रक्षण केले, तर या अवकाशाने व्यवस्थेपासून लपण्यास जागा दिली.

क्रम आणि आशय :

मालिकेचा आरंभ म्हणून लिहिलेला दोन तासांचा ‘सेरेनिटी’ हा भाग वाहिनीने सर्वांत शेवटी, २० डिसेंबर २००२ रोजी दाखविला. प्रारंभी दाखविला तो ‘द ट्रेन जॉब’ हा रेल्वेदरोड्याचा भाग. वरवर पाहता हा केवळ वेळापत्रकातील बदल होता. परंतु मूळ आरंभ रणांगणावर होतो. नायकाला मदतीची आशा असते, ती येत नाही आणि त्याचा विश्वास तेथेच मोडतो. हे दृश्य आधी पाहिलेल्या प्रेक्षकाला पुढचा दरोडा एका भग्न माणसाची उपजीविका वाटतो. न पाहिलेल्याला तो निव्वळ साहस वाटतो. २००२ च्या प्रेक्षकाला कृती मिळाली, परंतु तिचे कारण मिळाले नाही. मालिकेच्या अपयशाचे हे एकमेव कारण होते असे म्हणता येणार नाही. तथापि कथनाचा क्रम हा आशयाचाच भाग असतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

औषधाची पेटी :

‘द ट्रेन जॉब’मध्ये चोरलेल्या पेट्यांत औषधे निघतात. ती पॅराडिसो या गावातील व्याधिग्रस्त खाणकामगारांसाठी असतात. त्याच गाडीत अलायन्सचे सैनिक असतात. परंतु गावाला मदत करण्याऐवजी त्यांना पुढे जाण्याचा आदेश मिळतो. अखेर चोरच जीव धोक्यात घालून औषधे परत करतो. ‘शोले’ (१९७५) मधील दोन भुरटे चोरही पळून जाण्याची संधी असताना जखमी ठाकूरला रुग्णालयात पोहोचवितात. त्यामुळे चोराची सदसद्विवेकबुद्धी आपल्याला अपरिचित नाही.

मात्र सावंगी (मेघे) येथे बसून हा भाग पाहताना चोराच्या औदार्यापेक्षा औषधाचा प्रवासच अधिक लक्ष वेधून घेतो. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात दूरच्या खेड्यांतून आलेले रुग्ण आणि डबे घेऊन बसलेले त्यांचे नातेवाईक आपण पाहतो. उपचार अस्तित्वात असणे आणि तो आपल्यापर्यंत पोहोचणे यांतील अंतर त्यांना ठाऊक असते. मालिकेने परिघाची व्याख्या नेमकी याच अंतराने केली आहे. ‘एरियल’ या भागात तर मध्यवर्ती ग्रहावरील सुसज्ज रुग्णालयच लुटले जाते. तेथील औषधे बाहेरच्या ग्रहांवर दुर्मीळ असतात.

मर्यादा :

असे असले तरी मालिकेचा गाभा निर्दोष नाही. गेटिसबर्गच्या १८६३ मधील लढाईवर मायकेल शारा यांनी लिहिलेली ‘द किलर एंजल्स’ ही कादंबरी व्हेडन यांच्या प्रेरणेचे मूळ होती. अमेरिकन यादवी युद्धात हरलेला दक्षिणेचा पक्ष गुलामगिरी टिकविण्यासाठी लढत होता. मालिकेने त्या पराभवाचा करुण रस घेतला आणि त्याचे कारण मात्र वगळले. ‘शिंडिग’मध्ये गुलामांचे व्यापारी ओझरते दिसतात, ‘जेन्सटाऊन’मध्ये चिखल उपसणारे वेठीचे मजूर दिसतात, पण या शोषणाचा आणि युद्धाचा संबंध जोडला जात नाही. स्वातंत्र्यवाद्यांना नेमके कोणाचे स्वातंत्र्य हवे होते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. चिनी संस्कृतीचेही तसेच. पात्रे मँडरिनमध्ये शिव्या देतात, परंतु मुख्य नऊ कलावंतांत चिनी वंशाचा एकही नाही. भाषा घेतली, माणसे घेतली नाहीत.

समारोप :

२००५ च्या ‘सेरेनिटी’ या चित्रपटाने कथेला काहीशी पूर्तता दिली. तरीही मालिकेचे महत्त्व तिच्या अपुरेपणातच शोधण्याची चाहत्यांची वृत्ती समीक्षेला मान्य करता येणार नाही. तिचे खरे सामर्थ्य सत्तेकडे कडेवरून पाहण्यात आहे, आणि तिची खरी उणीव कडेवरील सर्वांना एकाच पराभवात गुंडाळण्यात आहे. परिघावरही मालक असतात आणि मजूरही असतात. वर्धेसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच ही मालिका त्याने पाहावी, आणि सहानुभूती देण्यापूर्वी हरलेला कोण होता हे विचारावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.